'द कॉलीन बॉन' (१९११) आणि आयरिश कुळांचे मूकपट: नीट बघायचे कसे?

जुनीरीळ

'कॉलीन बॉन' म्हणजे आयरिश भाषेत 'गोरी पोर'. अमेरिकेतल्या कॅलेम कंपनीने ऑक्टोबर १९११ मध्ये हा तीन रिळांचा प्रेमपट काढला. क्लाइन, लाँग आणि मॅरियन या तीन मालकांची आद्याक्षरं के, एल, एम, त्यावरून कंपनीचं नाव कॅलेम. दिग्दर्शक सिडनी ऑल्कॉट टोरांटोचा, आयरिश आईबापांचा मुलगा. पटकथा जीन गाँटियर हिची आणि नायिका आयली ओ'कॉनरही तीच. ऑल्कॉट स्वतः डॅनी मॅन या लंगड्या नावाड्याच्या भूमिकेत आहे.

१९१० साली ही मंडळी पहिल्यांदा आयर्लंडला गेली. १९११ च्या उन्हाळ्यात परत गेली ती केरी परगण्यातल्या बोफर्ट या लहानशा गावात मुक्काम ठोकायलाच. तिथून किलार्नीची तळी आणि डनलोची खिंड हाकेच्या अंतरावर.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या चर्चेला ती लागणार आहे. हार्ड्रेस क्रेगन या वाड्यावरच्या मुलाने आयली या गरीब पोरीशी चोरून लग्न केलंय. क्रेगनांची इस्टेट कॉरिगन नावाच्या वकील-सावकाराकडे गहाण पडलेली. कॉरिगन म्हणतो, पैसे टाका, नाहीतर हार्ड्रेसच्या विधवा आईने माझ्याशी लग्न करावं. आईला सुटकेची एकच वाट दिसते: मुलाने श्रीमंत अ‍ॅन शूटशी लग्न करायचं. मालकावर जीव टाकणारा डॅनी आयलीचा काटा काढायला तयार होतो. इशारा काय, तर हार्ड्रेसचा हातमोजा. हार्ड्रेस नकार देतो, पण आई तो मोजा डॅनीच्या हाती ठेवते. तळ्यातल्या गुहेपाशी डॅनी आयलीकडे लग्नाचा कागद मागतो, ती देत नाही, तो तिला पाण्यात ढकलतो. हातभट्टी लावून चोरून शिकार करणारा माइल्स त्याला पाणमांजर समजून गोळी घालतो आणि आयलीला वर काढतो.

माझं म्हणणं एवढंच, की या गोष्टीत प्रेम आणि गहाणखत वेगळं करता येत नाही. मोजा जातो तो कर्जापायी. जमीनदाराची जमीन खंडाने कसणाऱ्या आयरिश कुळांवरचे बाकीचे मूकपटही असेच आहेत: अडचण मनाची नसते, खंडाची असते. ते लक्षात न घेता बघितलं तर 'साधीसरळ जुनी प्रेमकथा' म्हणून माणूस उठून जातो.

या चित्रपटांचा एखादा खेळ लावायचा तर वेग, रंग, पाट्या (दृश्यांच्या मध्ये येणारा लिखित मजकूर), संगीत यांचं काय करावं, ते इथे जमवू या. ज्याला जे नक्की ठाऊक असेल त्याने लिहावं.

पिटातला

वेगापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक खेळ तिथेच बिघडतात.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं. १००० फुटांच्या रिळात १६,००० चौकटी. ते रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद, १८ ने १४ मिनिटं ४९ सेकंद, २० ने १३ मिनिटं २० सेकंद आणि बोलपटाच्या २४ च्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं ७ सेकंद. म्हणजे साधारण ३००० फुटांचा 'कॉलीन बॉन' १८ ने साडेचव्वेचाळीस मिनिटांचा होतो आणि २४ ने सव्वातेहतीस. गेलेली ११ मिनिटं माणसं तुरुतुरु पळण्यात गेली. आपल्याकडचा ताळा हवा असेल तर 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. १६ ने चालवला तर तासाच्या थोडा वर.

कॅमेरा हाताने फिरवायचा असल्याने वेग एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात बदलतो. त्यामुळे 'या चित्रपटाचा वेग अमुक' असं एकच उत्तर नसतं. पारख अशी करायची:

साधं चालणारं माणूस बघा. निवांत चालीत सेकंदाला दोनच्या आत पावलं पडतात. तीन पडत असतील आणि माणूस घाईत नसेल तर वेग जास्त आहे. मग बघा वल्ही, चुलीचा धूर, काठावर आपटणारं पाणी. माणूस मुद्दाम हळू चालू शकतो, पाण्याला अभिनय येत नाही. 'कॉलीन बॉन'मध्ये होडी आणि तळं भरपूर आहे, तेव्हा पारख सोपी.

फाइल २४ ची असून चित्रीकरण १८ चं वाटत असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.७५ ठेवा. १६ चं वाटत असेल तर ०.६७. वेग कमी केला की फाइलमधलं संगीतही रेंगाळतं, म्हणून आवाज आधी बंद करा. जपून तयार केलेल्या आवृत्तीत वेग आधीच दुरुस्त केलेला असतो. तिथे हात लावू नका, नाहीतर सगळे झोपेत चालल्यासारखे दिसतील. ओळखायची खूण: चौकट-चौकट पुढे सरकवा. दर दोन-तीन चौकटींनंतर एक चौकट जशीच्या तशी दुसऱ्यांदा येत असेल तर वेग आधीच लावलेला आहे.

दुपारचा_खेळ

पिटातला, उत्तम. एक शंका. काही प्रतींत डावीकडचा माणूस अर्धा कापलेला दिसतो. ते मूळ चित्रीकरणातच तसं आहे का?

पिटातला

नाही. मूकपटात चित्र फिल्मच्या छिद्रांपासून छिद्रांपर्यंत पूर्ण रुंदी घेतं. बोलपट आल्यावर डाव्या कडेची पट्टी आवाजाला गेली. पुढे कुणी बोलपटाच्या चौकटीतून जुन्या फिल्मची नक्कल काढली असेल तर डावी कड कायमची गेली. १९११ च्या दिग्दर्शनात कॅमेरा जागचा हलत नाही आणि माणसं कडेला उभी करून ठेवलेली असतात, म्हणून हा घाव जास्त जाणवतो. दारात उभा राहून चोरून ऐकणारा माणूसच दिसत नाही आणि पुढचं भांडण कशावरून लागलं ते कळत नाही.

दुसरं, प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला चित्र 'पूर्ण पडदा' करू देऊ नका. रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ च ठेवा, दोन्ही बाजूंना काळं राहिलं तर राहू दे.

शेवटची_रांग

आता रंगाबद्दल. माझ्या मते या चित्रपटाचं सर्वात मोठं नुकसान इथे झालंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

गोष्टीत दोन बायका आहेत. एक 'कॉलीन बॉन', गोऱ्या-सोनेरी वर्णाची. दुसरी अ‍ॅन शूट, तिला 'कॉलीन रुआ' म्हणतात, म्हणजे तांबड्या केसांची. ज्या नाटकावरून हा चित्रपट काढला, त्यात ही जोडी रंगानेच बांधली होती. पण त्या काळची फिल्म निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा नीट टिपे, हिरवा थोडाफार, तांबड्याला ती जवळपास आंधळी. तांबडे केस काळे पडतात, पिवळसर केसही मूळपेक्षा गडद दिसतात. रंगभूमीवर आयली लाल झग्यात येत असे, तोही या फिल्मवर काळाच. तेव्हा नावातला फरक पडद्यावर केसांत शोधू नका, कपड्यांत आणि वावरण्यात शोधा.

आकाशाचंही तसंच. निळं आकाश पांढरंफेक होतं. केरीचे ढग जगप्रसिद्ध, पण या चित्रपटांत डोंगराच्या वर बहुधा कोरा कागद. पाऊसही क्वचितच दिसतो. बारीक रिमझिम फिल्मवर उमटत नाही. माणसांचे खांदे भिजलेले, दगड चकाकणारे, एवढ्यावरून ओळखायचं.

घरातली दृश्यं घरात घेतलेली नाहीत. तेवढ्या उजेडात फिल्मवर काही उमटलंच नसतं. बोफर्टमध्ये मुक्कामाच्या जागेमागे उघड्यावर लाकडी मंच घालून त्यावर भिंती उभ्या केल्या होत्या. एकदा हे कळलं की घराच्या आत बघा: टेबलावरचं कापड वाऱ्याने उडतंय, सावल्या वरून पडल्यात, मध्येच ढग आला की अख्खी खोली अंधारते. मला यात चूक वाटत नाही. नटांच्या अंगावर खराखुरा केरीचा वारा आहे, तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मिळाला नसता.

आणि रात्र. रात्री चित्रीकरण होत नसे. दिवसा घ्यायचं आणि ती पट्टी निळ्या रंगात बुडवायची. दिव्याच्या उजेडाला पिवळा-केशरी, आगीला तांबडा. रंग उडालेल्या काळ्यापांढऱ्या प्रतीत रात्र भरदुपार होते. मग प्रेक्षक विचारतो, माइल्सला एवढ्या उजेडात माणूस आणि पाणमांजर यांतला फरक कळला नाही? अख्खा प्रसंग हास्यास्पद होतो. तुमच्या प्रतीत निळा रंग नसेल तर खेळाआधी दोन वाक्यांत सांगून टाका की ही रात्र आहे.

जुनीरीळ

शेवटची_रांग, गुहेच्या प्रसंगाला एक जोड. १८६० साली डायॉन बूसिकॉने हे नाटक न्यूयॉर्कला केलं तेव्हा लोक तिकिटं काढायचे ती याच प्रसंगासाठी. तळं म्हणजे निळसर तलम जाळीचं कापड आणि ते हलवणारी पोरं, बुडणं म्हणजे रंगमंचातल्या फळीच्या दारातून खाली जाणं. बूसिकॉ स्वतः माइल्स होत असे आणि त्याची बायको अ‍ॅग्नेस रॉबर्टसन आयली.

चित्रपटात खरं पाणी आलं आणि जादू उलटी झाली. कापडाचं पाणी 'कसं केलं असेल!' म्हणून थक्क करायचं. खऱ्या पाण्यात भीती वाटते ती बाईची. कॅमेरा लांब आहे, माणसं पायापासून डोक्यापर्यंत दिसतात, चेहरा जवळून दाखवायची पद्धत अजून रुळलेली नाही. तरी एवढ्याशा आकृतीचे हात पाण्यावर दिसतात तेव्हा पोटात कालवतं. तो प्रसंग मोठ्या पडद्यावर बघण्यासारखा आहे, मोबाइलवर तो निघून जातो.

कूळकथा

आता जमिनीकडे. पाट्यांचं मराठी करणाऱ्यांसाठी आधी शब्द ठरवू.

'टेनंट' म्हणजे कूळ. 'रेंट' म्हणजे भाडं नव्हे, खंड. 'एजंट' म्हणजे दलाल नव्हे, जमीनदाराचा कारभारी. या चित्रपटांत खलनायक बहुतेकदा तोच असतो, कारण जमीनदार राहतो डब्लिनला किंवा लंडनला. 'बेलिफ' आपल्याकडेही बेलिफच. 'पोटीन' म्हणजे हातभट्टीची, 'शिबीन' म्हणजे गुत्ता. कॉरिगन म्हणजे खोत.

हे शब्द नुसती सजावट नाहीत. 'भाडं थकलं' म्हटलं की शहरातल्या खोलीचं चित्र उभं राहतं. 'खंड थकला' म्हटलं की आपल्या वाचकाला पुढचं सगळं न सांगता कळतं.

खंड वर्षातून दोनदा, साधारण मे आणि नोव्हेंबरमध्ये भरायचा. त्या हप्त्याला 'गेल' म्हणत. बऱ्याच ठिकाणी नव्या कुळाला पहिल्या हप्त्याची सवलत देत आणि ती बाकी तशीच लोंबकळत ठेवत. दिसायला उपकार, प्रत्यक्षात फास. कारण कूळ कायमचं सहा महिन्यांचं थकबाकीदार राहिलं आणि कारभाऱ्याच्या मनात येईल तेव्हा बाहेर काढायला कारण तयार. म्हणून या चित्रपटांत बेदखलीची नोटीस कुठूनशी अचानक येते असं वाटतं. ती अचानक नसते, पहिल्या दिवसापासून उशाशी असते.

बेदखली ओळखायची खूण म्हणजे चूल. आधी चुलीतला विस्तव विझवतात किंवा बाहेर आणतात, मग सामान, मग दाराला खिळे किंवा छप्परच खाली. पिढ्यान् पिढ्या धगधगत ठेवलेला पीटचा (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचा) विस्तव विझणं म्हणजे घर मेलं. छप्पर पाडायचं कारण नुसता दुष्टपणा नव्हता, हिशोब होता. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात ४ पौंडांपर्यंत सरकारी मूल्यांकन असलेल्या जमिनीवरचा गरीबनिधीचा कर कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे. कूळ गेलं, झोपडी गेली की कर गेला.

जुनीरीळ

कूळकथा, बाकी सगळ्याला अनुमोदन, पण कॉरिगनला खोत म्हणू नका. खोत सरकार आणि रयत यांच्यामध्ये असतो, सारा गोळा करतो. कॉरिगनचा कुळांशी तसा संबंध नाही, त्याच्या हातात वरच्या माणसाचं गहाणखत आहे. तो सावकारच. आयर्लंडात खोतासारखा माणूस होता खरा: मोठी जमीन एकदम खंडाने घेऊन तिचे तुकडे पाडून पोटकुळांना देणारा मधला माणूस. पण तो वेगळा.

कूळकथा

मान्य. सावकार हाच शब्द बरोबर. खोत म्हटलं असतं तर कोकणातला वाचक भलतीकडे गेला असता.

एक कालखंडाची गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हे चित्रपट काढले तेव्हा बेदखली ही आठवण होऊ लागली होती. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड, कायम कूळहक्क आणि हक्क विकण्याची मुभा दिली. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्ज काढून कुळांना जमिनी विकत घेता येऊ लागल्या. म्हणजे बोफर्टच्या ज्या शेतकऱ्यांनी कॅमेऱ्यापुढे कूळ म्हणून उभं राहायचं काम केलं, त्यांच्यातले कित्येक मालक होत होते. आपल्याकडे कूळकायद्यानंतर, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, कुळांची गोष्ट सांगण्यासारखं आहे ते. त्रास नुकताच सरलेला, आजी अजून जिवंत, सांगणारी. म्हणून या चित्रपटांत राग कमी आणि कढ जास्त आहे.

शेवटची_रांग

म्हणूनच खेळाची सुरुवात 'कॉलीन बॉन'ने करू नये असं मला वाटतं. आधी १९१० चा 'द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड' दाखवा. एकच रीळ, पंधरा मिनिटांच्या आसपास. अमेरिकन कंपनीने परदेशात जाऊन चित्रित केलेला पहिला कथापट म्हणून त्याचं नाव घेतात. काही भाग आयर्लंडात, काही बोटीवर, काही न्यूयॉर्कमध्ये.

टेरी (ऑल्कॉटच) पीटच्या रानातून अमेरिकेला जातो, मजुरीपासून सुरुवात करून राजकारणात वर चढतो. इकडे एलीन (गाँटियर) आणि तिच्या घरच्यांवर बेदखली आलेली. तो ऐन वेळी परततो आणि थकबाकी चुकती करतो. एवढंच. पण बोटीवरची दृश्यं खऱ्या बोटीवरची आहेत आणि कठड्याशी उभ्या माणसाच्या मागे खरा अटलांटिक आहे, हे डोक्यात ठेवून बघा. आयर्लंडात मुलगा निघायच्या आदल्या रात्री घरात जागरण करत, त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. मयताच्या जागरणाचा शब्द जित्या माणसासाठी, कारण परत येणारे फार थोडे. ते माहीत असलं तर टेरीचं परतणं 'सुखान्त' म्हणून सोपं वाटत नाही. न्यूयॉर्कच्या थेटरात बसलेल्या हजारो आयरिश लोकांनी जे केलं नव्हतं ते पडद्यावर एकाने केलं.

याची जी प्रत उरली त्यात पाट्या जर्मन आहेत. घाबरायचं कारण नाही, पाट्या थोड्या आहेत. पण त्या काळची सवय अशी की पुढे काय होणार ते पाटी आधीच सांगते आणि मग दृश्य येतं. भाषांतर मोठ्याने वाचणार असाल तर पाटी दिसताक्षणी वाचून संपवा, दृश्यावर बोलू नका. पाटी किती वेळ राहावी याचा साधा अंदाज: मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतकी.

हार्मोनियम

संगीताबद्दल लिहितो.

कॅलेम कंपनी याबाबत पुढे होती. १९११ च्याच 'अराह-ना-पोग' या आयरिश चित्रपटासाठी तिने वॉल्टर सी. सायमन याच्याकडून खास पियानोचं संगीत लिहवून घेतलं. एकेका चित्रपटासाठी स्वतंत्र संगीत लिहिण्याची अमेरिकेतली ती अगदी सुरुवातीची उदाहरणं. बाकी ठिकाणी वादक आपल्या मनाने वाजवायचा.

आपल्याकडे जिवंत साथ करायची तर हार्मोनियम चांगली बसते, आणि हा ओढूनताणून आणलेला संबंध नाही. आयरिश गावांत वाजणारं कॉन्सर्टिना आणि आपली पेटी एकाच जातीची वाद्यं: दोन्हींत भाता आणि वाऱ्याने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. आयरिश पाइपचा अखंड सूर हवा असेल तर पेटीचा षड्ज-पंचम दाबून ठेवा.

'जिग' सहा मात्रांचं, तीन-तीनचे दोन गट. दादऱ्याच्या अंगाने धरता येतं, पण दादऱ्याचा ठसका देऊ नका, दोन्ही गटांचे पहिले ठोके जवळपास सारखेच ठेवा. 'रील' हा नाच चार-चारचा. दोन्हींची बांधणी एकच: आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, एकूण ३२. मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास वाजवलं तर एक आवर्तन साधारण ३५ सेकंदांत होतं. म्हणजे नाचाच्या किंवा लग्नाच्या प्रसंगाला दोन-तीन आवर्तनं पुरतात. तीनच्या पुढे गेलात तर चाल बदला, नाहीतर कान विटतो.

चुकतं कुठे? लोक आयर्लंड म्हटलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत जिग हाणतात. हार्ड्रेसची आई मोजा देते त्या ठिकाणी काहीच वाजवू नका. हात भात्यावर असू दे, सूर नको. तिथून होडी निघेपर्यंत फक्त खालचा षड्ज. आयली पाण्यात पडल्यावरही मोठा आवाज नको. गोळी सुटल्यावर सूर एकदम तोडा. पुढे माइल्स पाण्यात उतरतो तेव्हा संथ, मात्रांत न बांधलेली धून, आलापीसारखी. आयरिश संगीतात तशी ठेवणच आहे, तालाविना गायची.

तालमीत चित्रपट किमान तीनदा बघा आणि घड्याळ लावून कागदावर मिनिटं-सेकंद टिपून ठेवा. वेग बदलला तर सगळे आकडे चुकतात, म्हणून पिटातल्याने सांगितलेलं आधी करा, मग संगीत.

दुपारचा_खेळ

१९१८ च्या 'नॉकनागाउ'बद्दल कुणी लिहील का? तो नुसता बघायला बसलं की पात्रांचा गुंता सुटत नाही.

कूळकथा

गुंता सुटत नाही कारण तो चित्रपट ज्यांच्यासाठी काढला त्यांना कादंबरी पाठ होती. चार्ल्स किकमची १८७३ ची कादंबरी, टिपरेरीच्या कुळांची. किकम मुलानाहोन गावचा, दारूगोळ्याच्या अपघातात नजर आणि कान जवळपास गमावलेला, फिनियन (ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गुप्त संघटनेचा माणूस) म्हणून तुरुंग भोगलेला. फिल्म कंपनी ऑफ आयर्लंडने १९१७ च्या उन्हाळ्यात टिपरेरीतच चित्रीकरण केलं. हे महत्त्वाचं, कारण आता गोष्ट बाहेरून आलेले नव्हे, तिथलेच लोक सांगत होते. दिग्दर्शक फ्रेड ओ'डोनव्हन डब्लिनच्या अ‍ॅबी नाट्यगृहातला. पहिला खेळ जानेवारी १९१८ मध्ये टिपरेरीतल्या क्लॉनमेल गावी.

बसण्याआधी एवढं लिहून घ्या. मॉरिस कर्नी: बऱ्यापैकी सुस्थितीतलं कूळ. मेरी: त्याची मुलगी, तिचा जीव आर्थर ओ'कॉनरवर. मॅट डोनव्हन, 'मॅट द थ्रॅशर': मळणी करणारा धिप्पाड गडी, गावाचा लाडका, त्याचं प्रेम बेसी मॉरिसवर. फिल लाही: दारूच्या आहारी गेलेला शिंपी. नोरा: त्याची क्षयाने खंगत चाललेली मुलगी, तिच्यासाठी बासरी वाजवणारा बिली हेफरनन. आणि पेंडर बापलेक: जमीनदाराचे कारभारी. काळ १८४८ च्या सुमाराचा, म्हणजे दुष्काळाचा. प्रेमाच्या तीन जोड्या, आणि तिन्हींच्या वरती पेंडर.

दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, मॅट आणि कॅप्टन फ्रेंच यांच्यातली हातोडाफेक. मॅटला प्रतिस्पर्ध्याबद्दल राग नाही, तो फेकतो गावाच्या नावासाठी. आयरिश प्रेक्षक त्या क्षणाची वाट बघत बसलेला असायचा. दुसरं, एका कुटुंबाची बेदखली. त्यातलं लहान मूल म्हणजे पुढे मोठा नट झालेला सिरिल क्युसॅक. वर लिहिलेला चुलीचा आणि छपराचा क्रम इथे ताडून बघता येतो. आणि एप्रिल १९१८ मध्ये हा चित्रपट डब्लिनला लागला तेव्हा आयर्लंडवर सक्तीची लष्करभरती लादण्यावरून देश पेटलेला होता. त्या प्रेक्षकांना १८४८ ची बेदखली जुनी गोष्ट वाटली नसणार.

दुपारचा_खेळ

आभार, हे छापूनच प्रेक्षकांच्या हातात द्यायला हवं. मळणी, सावकार, शहराकडे निघालेला गडी हे वाचताना बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आठवतोच. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा, व्ही. शांताराम तरुण शेतकरी. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर तो गिरणीत जातो, टेरी अमेरिकेला जातो. फरक असा की टेरी पैसे घेऊन परत येतो. पेंटरांनी शेतकऱ्याला ती सवलत दिली नाही. आणि तो मूकपट आज आपल्याकडे उरलेला नाही, आयर्लंडचे निदान काही उरले.

जुनीरीळ

उरले ते मिळवायचे कसे तेही सांगतो. आयरिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये 'द ओ'कॅलेम कलेक्शन' नावाने डीव्हीडी काढली. 'लॅड' आणि 'कॉलीन बॉन' दोन्ही त्यात आहेत, सोबत त्या मंडळींवरचा माहितीपटही. जाहीर खेळासाठी हक्काचं आधी विचारून घ्या. मूकपट जुना असला तरी नवी दुरुस्ती आणि नवं संगीत यांचे हक्क वेगळे असतात.

शेवटी 'कॉलीन बॉन'मधल्या एका पाटीबद्दल. भाषांतर करणारे ती हमखास गाळतात, कारण गोष्टीशी तिचा संबंध दिसत नाही. एका खोलीच्या दृश्याआधी पाटी सांगते की यातला पलंग डॅनियल ओ'कॉनेलचा आहे. ओ'कॉनेल केरीचाच, कॅथलिकांना हक्क मिळवून देणारा पुढारी. बघणाऱ्याला वाटतं, कंपनीने 'आमचं सगळं अस्सल' म्हणून मिरवलंय.

पण या नाटकामागे एक खरी मुलगी आहे. एलन हॅनली, लिमरिककडची, पंधरा वर्षांची. १८१९ मध्ये जॉन स्कॅनलन नावाच्या वरच्या घरातल्या माणसाने तिच्याशी चोरून लग्न केलं, मग ती नकोशी झाली आणि नोकर स्टीफन सलिव्हनकरवी तिला शॅनन नदीवर होडीतच मारवलं. तिला वाचवायला कुणी माइल्स नव्हता. प्रेत पाण्याने काठाला आणून टाकलं. १८२० मध्ये दोघेही फासावर गेले. स्कॅनलनचं वकीलपत्र घेतलं होतं याच ओ'कॉनेलने.

तेव्हा ती पाटी ठेवा, पूर्ण भाषांतर करून ठेवा, आणि त्या वेळी पेटी वाजत असेल तर ती थांबवा.